हाताला काम : दान की हक्क?

नोकरदार माणसाच्या घरी दर महिन्याला वेतनचिठ्ठी येते. मूळ वेतन, महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी असे रकाने तिच्यात असतात आणि त्यांच्या शेवटी कोठेतरी एक लहानशी कपात दिसते, 'व्यवसाय कर'. आमच्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांत ही कपात १९७५ सालापासून, म्हणजे आजोबांच्या वेतनापासून नातवाच्या वेतनापर्यंत, चालत आली आहे. आजच्या दराने ती महिन्याला जास्तीत जास्त २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाकाठी २,५०० रुपये होते. रक्कम लहान असल्यामुळे तिच्याविषयी कोणी चौकशी करीत नाही. हा कर कशासाठी सुरू झाला असे आम्ही चार घरी विचारून पाहिले, तेव्हा कोणासही उत्तर सांगता आले नाही.

वाचकहो, ते उत्तर सांगावे एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. त्यासाठी आम्हांस वसई-मुंबईपासून दूर, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात जावे लागेल. कारण त्या लहानशा कपातीमागे जो प्रश्न उभा आहे, तो त्या जिल्ह्यात जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो. प्रश्न असा, की काम करू इच्छिणाऱ्या माणसाला काम मिळणे हे दान आहे की त्याचा हक्क आहे?

तळ्यांचा मुलूख

महाराष्ट्रात बेकारीचा विषय निघाला म्हणजे डोळ्यांपुढे अवर्षण येते. भंडाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे पाऊस भरपूर पडतो. पवनी, साकोली, लाखांदूर या तालुक्यांत फिरताना दोहीकडे धानाच्या बांध्या आणि मधूनमधून पाण्याने भरलेली तळी दिसतात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर हा सारा मुलूख एकाच भंडारा जिल्ह्यात मोडत असे आणि 'तलावांचा जिल्हा' अशी त्याची ख्याती होती.

ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत, माणसांनी मातीच्या टोपल्या वाहून ती बांधली. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील कसबी लोकांनी उताराचा अंदाज घेऊन आडव्या पाळी घातल्या आणि पावसाचे पाणी धानासाठी साठविले. पुढे मालगुजारी पद्धतीत ही तळी मालगुजारांच्या ताब्यात गेली. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली व तळी सरकारकडे आली, म्हणून कागदोपत्री त्यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव' असे पडले. लोकांनी त्याची आद्याक्षरे घेऊन 'मामा तलाव' असे सुटसुटीत नाव करून टाकले.

इतके पाणी, इतके धान, तरी येथील मजुराच्या घरी वर्षातले कित्येक महिने चूल पेटविण्याची विवंचना असते. याचे कारण धानाच्या शेतीच्या घडणीतच आहे. पावसाळ्यात पऱ्हे उपटून रोवणी करायची वेळ आली की गावात एकही रिकामा हात सापडत नाही. कापणी-मळणीलाही तीच धांदल. ती आटोपली की मोठ्या कामांचे दिवस संपतात. बांधीत लाखोळी किंवा जवस पेरले तरी त्याला फारशी माणसे लागत नाहीत. उन्हाळ्यात मोहफुले वेचणे आणि थोडे आठवडे तेंदूपत्ता तोडणे, घरी बसून बिड्या वळणे, नाही तर गाव सोडून नागपूरकडे बांधकामावर जाणे, एवढेच मार्ग उरतात. म्हणजे पाऊस चांगला झाला, पीक उत्तम आले, कोणतीही आपत्ती ओढवली नाही, तरीही भूमिहीन माणूस वर्षाचा मोठा भाग बेकार राहतो. भंडाऱ्याची बेकारी ही दुष्काळाची बेकारी नव्हे, नेहमीच्या वर्षाची आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावर उभे आहे.

वेठ आणि दुष्काळी काम

मातीची टोपली तीच असली तरी ती कोणत्या नात्याने उचलली जाते, यावर तिचा अर्थ बदलतो. मालगुजारी अमलात वेठबेगार चालत असे. मालकाने बोलाविले की जावे लागे, दाम मागण्याची सोय नसे. त्या व्यवस्थेत काम होते, पण त्यात काम करणाऱ्याची इच्छा विचारात घेतली जात नव्हती.

त्यानंतरची पायरी दुष्काळी कामांची. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रज सरकारने दुष्काळसंहिता तयार केल्या. अन्नाचे भाव भडकले आणि सरकारने दुष्काळ जाहीर केला, तर रस्ते-तलावांची कामे काढावीत व येईल त्यास मजुरी द्यावी, असे त्यांचे सूत्र होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळून निघाला. भंडारा तेव्हा त्या प्रांतात होता. दुष्काळी कामांनी पुष्कळ जीव वाचविले हे मान्य करावयास हवे. परंतु ती व्यवस्था दयेची होती, तीही जपून केलेल्या दयेची. संकट जाहीर होईपर्यंत काम निघत नसे आणि पाऊस पडला की ते बंद होई. मजूर मागणी करू शकत नव्हता. सरकारने देऊ केले तर घ्यावे, एवढेच त्याच्या हाती होते. भंडाऱ्यासारख्या मुलखात जेथे दुष्काळ नसतानाही माणूस रिकामा बसतो, तेथे या संहितेचा उपयोग अर्थातच मर्यादित होता.

पॅरिस, १८४८

'काम हा माझा हक्क आहे' असे सरकारच्या तोंडावर सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न युरोपात झाला. १८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजसत्ता उलथली आणि २५ फेब्रुवारी रोजी हंगामी सरकारने प्रत्येक नागरिकाला काम देण्याची हमी जाहीर केली. त्यासाठी 'राष्ट्रीय कार्यशाळा' निघाल्या. पाहता पाहता लाखाहून अधिक माणसे तेथे नोंदली गेली. मात्र त्यांना द्यावयाच्या उपयुक्त कामाची आखणी झाली नव्हती आणि पैशाची कायमची तरतूदही नव्हती. जूनमध्ये सरकारने कार्यशाळा मोडीत काढण्याचा निर्णय घेतला. त्यावर कामगारांनी रस्त्यांवर अडथळे रचून उठाव केला. चार दिवसांत हजारो माणसे मारली गेली.

या कहाणीत आपल्या ख्रिस्तसभेचेही एक पान आहे. सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेचे एक संस्थापक फ्रेडरिक ओझानाम यांनी आपल्या सोबत्यांसह पॅरिसचे आर्चबिशप डेनी आफ्र यांची भेट घेतली आणि मध्यस्थी करण्याची विनंती केली. आर्चबिशप २५ जून रोजी शांततेचे आवाहन करीत त्या अडथळ्यांपाशी गेले. तेथे त्यांस गोळी लागली आणि २७ जून रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या अनेक धर्मग्रामांत आज विन्सेंट डी पॉलचे बंधू गरिबांच्या घरी जातात. त्यांच्या संस्थेच्या पहिल्या पिढीला कामाच्या हक्काचा प्रश्न असा रक्ताने माखलेला पाहावा लागला होता.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात फ्रान्सची नवी राज्यघटना झाली. तिच्यातून कामाचा हक्क वगळला गेला. गरजू नागरिकाला बंधुभावाने साह्य करावे, राज्याच्या साधनसंपत्तीच्या मर्यादेत त्यास काम मिळवून द्यावे, असे सौम्य वचन त्याच्या जागी आले. 'साधनसंपत्तीच्या मर्यादेत' हे शब्द लक्षात असू द्यावेत, कारण शंभर वर्षांनी ते आपल्या देशात पुन्हा भेटतात.

कलम ४१ आणि भंडाऱ्याची पोटनिवडणूक

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या कलम २३ मध्ये काम करण्याचा, काम निवडण्याचा आणि बेकारीपासून संरक्षण मिळण्याचा हक्क प्रत्येक माणसाला असल्याचे नमूद केले आहे. त्याच सुमारास दिल्लीत आपली राज्यघटना तयार होत होती. तिच्या कलम ४१ मध्येही कामाचा हक्क आला, परंतु राज्याच्या आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेत. शिवाय तो मूलभूत हक्कांच्या भागात नव्हे, मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात घातला गेला. त्यामुळे त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही.

मग अशा तत्त्वांचा उपयोग काय, असा आक्षेप घटना समितीत घेतला गेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास दिलेले उत्तर थोडक्यात असे होते : सत्तेवर येणाऱ्याला ही तत्त्वे टाळता येणार नाहीत. न्यायालयात नसले तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे त्यास जाब द्यावाच लागेल.

पुढे १९५४ साली बाबासाहेब स्वतः मतदारांपुढे उभे राहिले ते भंडाऱ्यातच. लोकसभेची ती पोटनिवडणूक दोन जागांची होती. राखीव जागेवर ते काँग्रेसच्या उमेदवाराकडून पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अर्थचिंतक अशोक मेहता निवडून आले. मेहता पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्षही झाले. कलम ४१ चे समर्थन करणारा घटनाकार आणि नियोजनाचा अभ्यासक या दोघांनीही याच रोवणी-कापणीच्या मुलखात मते मागितली होती. मात्र ज्या मजुराच्या दारी ते गेले, त्याच्या रिकाम्या महिन्यांना उत्तर मिळण्यास आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली.

विसापूरपासून विधिमंडळापर्यंत

ते उत्तर आले सांगली जिल्ह्यातून. महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे हे गांधीविचारांचे गृहस्थ होते. १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्यांच्या प्रेरणेने एक प्रयोग झाला : गावातील जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल त्यास ते द्यावयाचे, आणि त्या श्रमातून गावाची जमीन व पाणी सुधारावयाचे. दया आणि विकास यांची ही सांगड मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांस पटली. १९७२ साली रोजगार हमी योजना राज्यभर लागू करण्याचे ठरले, पण त्याच वेळी महाराष्ट्रावर भीषण अवर्षण कोसळले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडीत व माती वाहत होती.

त्या दुष्काळाने राज्यकर्त्यांना दोन गोष्टी शिकविल्या. एक, शासनाने मनावर घेतले तर लाखो माणसांना काम देता येते. दोन, संकट येण्याची वाट पाहत बसू नये. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा मार्गी लागली आणि १९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळाने संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याचे वेगळेपण असे, की त्यात प्रथमच मागणी करणारा मजूर हा कर्ता झाला. ग्रामीण भागातील अठरा वर्षांवरील कोणाही स्त्री-पुरुषाने नाव नोंदवून काम मागावे, शासनाने पंधरा दिवसांत काम द्यावे, आणि न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, अशी त्याची रचना होती. भत्ता आरंभी दिवसाला निदान एक रुपया, इतका क्षुल्लक होता. पण एक रुपया का होईना, शासन चुकले तर शासनाने भरपाई द्यावी हे तत्त्व मान्य झाले. दुष्काळ जाहीर होण्याची अट राहिली नाही. स्त्रीला व पुरुषाला एकाच कामाचे एकच दाम ठरले, आणि रोजगार हमीच्या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने येऊ लागल्या. भंडाऱ्यासारख्या भरपूर पावसाच्या जिल्ह्यातील मजुरालाही, आपत्ती नसताना, केवळ 'मला काम नाही' एवढ्याच कारणाने काम मागता येऊ लागले. ज्या तळ्यांच्या पाळी कधी वेठीने दुरुस्त होत, त्याच तळ्यांचा गाळ काढणे हे आता हक्काने मागता येण्याजोगे काम झाले.

पैसा कोठून आला?

पॅरिसची कार्यशाळा पैशाअभावी कोसळली होती. महाराष्ट्राने ती चूक केली नाही. हक्क जाहीर करण्याबरोबर त्याच्या खर्चाची सोयही केली. १९७५ साली व्यवसाय कर बसविला गेला तो याचसाठी. त्याच्या जोडीला मोटार वाहने, विक्रीकर, ओलिताखालील जमीन इत्यादींवरील जादा आकारणी आली, आणि या करांतून जितके जमेल तितकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. ही सारी रक्कम रोजगार हमी निधीत जाऊ लागली. मुंबईच्या कचेरीत बसणारा कारकून, वसईतला शिक्षक, रुग्णालयातील परिचारिका यांच्या वेतनातील रुपया खेड्यातील मजुराच्या हजेरीपटापर्यंत पोहोचावा, अशी ती योजना होती. आपल्या वेतनचिठ्ठीतील त्या लहानशा ओळीचे कूळ हे असे आहे.

योजना निर्दोष होती असे आमचे म्हणणे नाही. खोटे हजेरीपट, मापात कमी भरलेली माती, महिनोन्‌महिने रखडलेली मजुरी यांच्या तक्रारी राज्यभर झाल्या. काही वर्षी निधीत जमा झालेला पैसा खर्चच झाला नाही. आणखी एक गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. १९८८ च्या मे महिन्यात शेतमजुरांचे किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि रोजगार हमीचे दरही त्यानुसार वाढवावे लागले. दर वाढल्यावर कामाची मागणी वाढावयास हवी होती. प्रत्यक्षात त्यानंतर कामाचे दिवस झपाट्याने घसरले. नवी कामे काढण्यात शासनाने हात आखडता घेतल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. कायदा तोच होता, हमी तीच होती, केवळ काम निघत नव्हते. हक्क कागदावर राहून दान कसे होते, याचा हा धडा आहे. पैसा आधी ठरला आणि काम त्याच्या मापाने निघाले, की 'कुवतीच्या मर्यादेत' हे जुने शब्द मागल्या दाराने परत येतात.

भंडारा, २००६ आणि त्यानंतर

महाराष्ट्राचा हा अनुभव पुढे देशाने घेतला. २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो प्रथम देशातील २०० जिल्ह्यांत लागू झाला, आणि त्यांत भंडारा होता. ग्रामीण कुटुंबाला वर्षात १०० दिवस कामाची हमी, अकुशल मजुरीचा सारा खर्च केंद्राचा, आणि मागणी येईल तसा निधी, ही त्याची मुख्य सूत्रे होती. महाराष्ट्राने शंभर दिवसांपलीकडील हमी आपल्या जबाबदारीवर चालू ठेवली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० ऐवजी १२५ केले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावयाचा आहे, प्रत्येक राज्याला किती निधी द्यावयाचा हे केंद्र आधी ठरविणार आहे, आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. रोवणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत ही भंडाऱ्याच्या शेतकऱ्याची तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही. लहान शेतकरीही कष्टाचेच खातो. पण मजुराला दुसरीकडे जाता येते म्हणूनच रोवणीचा दर थोडा वाढतो, हेही तितकेच खरे आहे. या दोघांच्या मध्ये न्याय कसा करावा, याची परीक्षा धानाच्या या मुलखात होईल. दिवस किती वाढले यापेक्षा मजुराने मागितल्यावर काम निघते की नाही, हीच ती कसोटी असे आम्हांस वाटते.

आमचा संबंध काय?

ख्रिस्तसभेने या प्रश्नावर मौन पाळलेले नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी श्रमिकांच्या स्थितीवर विश्वपत्र लिहिले. १९६३ साली पोप जॉन तेविसावे यांनी कामाची संधी मिळण्याचा हक्क मानवाच्या नैसर्गिक हक्कांत गणला. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमावरील आपल्या विश्वपत्रात 'अप्रत्यक्ष नियोक्ता' ही कल्पना मांडली. मजुराला प्रत्यक्ष कामावर ठेवणारा एक असतो. परंतु कायदे, कर, धोरणे आणि समाजाच्या सवयी ज्यांच्या हाती असतात, तेही त्याच्या कामाला वा बेकारीला जबाबदार असतात, असा तिचा आशय आहे.

ही कल्पना वाचताना आम्हांस वेतनचिठ्ठीतील ती ओळ आठवते. भंडाऱ्याच्या बांधीवर आम्ही कधी पाऊल ठेवले नसेल, तरी १९७५ पासून आम्ही तेथील मजुराचे अप्रत्यक्ष नियोक्ते आहोत. नियोक्त्याने आपला पैसा कोठे गेला हे विचारावयाचे असते. तो पैसा खर्च न होता पडून राहिला, किंवा काम मागणारी बाई तहसील कचेरीतून रित्या हाताने परतली, तर त्याचा जाब विचारणे हे आमचे काम आहे. निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे जाब द्यावा लागेल, असे बाबासाहेब म्हणाले होते. तो मागणारा मतदार आपणच आहोत.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात धनी दिवस मावळता मावळता बाजारात जातो आणि तेथे उभ्या असलेल्या माणसांना विचारतो, की तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात? आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते सांगतात. मजुरीच्या समान वाटपावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. परंतु त्या एका उत्तराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती माणसे आळशी नव्हती. पहाटेपासून ती काम मागत उभी होती. धनी त्यांना भीक देत नाही, मळ्यात कामाला पाठवितो.

पुढच्या महिन्याची वेतनचिठ्ठी हाती येईल तेव्हा ती शेवटची ओळ घरातील मुलांस दाखवावी आणि ती कोणासाठी आहे हे त्यांस सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.